डोंगरउतारावरील परसासाठी कोंबड्यांच्या काटक शुद्ध जातींची निवड

मुळशी तालुक्यातील कासारसाई व त्याच्या आसपासच्या वाड्यांमध्ये शेतीचे दोन थर स्पष्ट दिसतात. खालच्या सपाट व पाण्याच्या जमिनीत भात आणि ऊस होतो. कासारसाई-दारुंबरे येथील सहकारी साखर कारखाना याच टापूत आहे. वरच्या उतारावर मात्र वरकस जमीन, गवत, झुडपे आणि दगड. अशा उतारावर ज्या कुटुंबाचे एक-दोन एकरांचे क्षेत्र आहे, त्याला दुभती म्हैस बांधणे पुष्कळदा परवडत नाही. परसात दहा कोंबड्या बाळगणे मात्र जवळजवळ प्रत्येकास शक्य असते. या कोंबड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो आणि त्यातूनच दळण, औषधपाणी, मुलांच्या वह्या-पुस्तके असा बारीकसारीक खर्च भागतो. म्हणून पावसाळ्यात खुराडे रिकामे झाले तर ती केवळ हौसेची हानी नसून घराच्या चालू खर्चाची हानी होय.

पूर्वेस हिंजवडी आणि पिंपरी-चिंचवड ही मोठी गिऱ्हाइकी जवळ आल्यामुळे गावठी अंड्यांस व नरांस चांगली मागणी आहे. त्यामुळे “कोणत्या जातीची कोंबडी घ्यावी?” हा प्रश्न ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस वारंवार विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर केवळ अंड्यांच्या संख्येवरून देणे चुकीचे ठरते. ते कसे द्यावे, याचा विचार या पाठात केला आहे.

शुद्ध जात म्हणजे काय?

ज्या कोंबड्यांची पिले रंग, बांधा, तुरा, पायांचा वर्ण व अंडी देण्याचा गुण यांबाबत पिढ्यान्‌पिढ्या आईबापांसारखीच निपजतात, त्या कोंबड्या शुद्ध जातीच्या समजाव्यात. रोड आयलंड रेड, व्हाइट लेगहॉर्न, ऑस्ट्रेलॉर्प या परदेशी, आणि असील, कडकनाथ, बसरा या भारतीय शुद्ध जाती होत.

वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा ही नावेही शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. हे पक्षी परसातील पालनासाठीच तयार केलेले व उपयुक्त आहेत. परंतु ते संकरित आहेत. त्यांची अंडी घरी उबविल्यास पिले एकसारखी निपजत नाहीत व मूळचा गुण पुढील पिढीत विस्कटतो. म्हणून असे पक्षी पाळणाऱ्यास दरवेळी पिले विकत आणावी लागतात. ज्या गावास उबवणी केंद्र जवळ आहे आणि ज्याच्या हाती वेळेवर पैसा असतो, त्याची यामुळे फारशी अडचण होत नाही. उतारावरील लहान शेतकऱ्यास मात्र आपला कळप आपल्याच खुराड्यातून भरून काढता आला पाहिजे. शुद्ध जातीचे खरे महत्त्व येथे आहे.

“गावरान” ही एक जात नव्हे. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाल्यानंतर कोंबड्यांच्या सुधारणेसाठी परदेशी जातींचे नर खेडोपाडी देण्यात आले. त्यानंतर मिश्रण होतच राहिले. आज परसात दिसणारी गावरान कोंबडी बहुधा अनेक रक्तांची आहे. तिचा काटकपणा व खुडूक बसण्याचा गुण मोलाचा आहे. मात्र तिच्या पिलांविषयी आधी काही सांगता येत नाही.

निवडीच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी जगण्याची. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील ओल, थंड वारा, चिखल, मुंगूस, रानमांजर, घार व भटकी कुत्री यांतून जी कोंबडी पार पडते तीच येथे काटक. दुसरी कसोटी वंश चालविण्याची: शुद्ध पिले घरच्या घरी मिळाली पाहिजेत. अंडी व मांस ही तिसरी कसोटी.

हा क्रम का ठेवावा, हे एका साध्या हिशेबावरून समजेल. समजा, एका शेतकऱ्याने वर्षास १५० अंडी देणाऱ्या जातीच्या दहा तलंगा पाळल्या, परंतु पावसाळ्यात अंड्यावर येण्यापूर्वीच पाच दगावल्या. उरलेल्या पाच कोंबड्यांची अंडी ७५० होतात. दुसऱ्याने ८० अंडी देणाऱ्या जातीच्या दहा तलंगा पाळल्या व त्यांतील नऊ वाचल्या. त्याची अंडी ७२० झाली. दोहोंत अंतर केवळ तीस अंड्यांचे राहिले. आणि पुढील वर्षी पहिल्यास पाच तलंगा आणाव्या लागतील, तर दुसऱ्यास एकच. पहिल्याने कोंबड्यांना अधिक दाणाही चारला असेल, तो वेगळाच.

ऑस्ट्रेलॉर्प जातीच्या सहा कोंबड्यांनी १९२२-२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली, म्हणजे दर कोंबडीस ३०९ हून अधिक. हा विक्रम खरा आहे. पण तो कोरड्या घराचा व भरपूर खाद्याचा विक्रम आहे. उतारावरील परसात चरणाऱ्या कोंबडीकडून तशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

शरीरावरून काय पाहावे?

अंगाशी घट्ट बसलेली पिसे पावसाचे पाणी लवकर झटकतात. उलट्या वळणाची, विसकटलेली पिसे भिजून राहतात. पायांवर पिसे असलेल्या ब्रह्मा, कोचीन यांसारख्या भारी जाती चिखलाच्या जागी घेऊ नयेत, कारण त्या पिसांत चिखल वाळून बोटांस इजा होते. डोक्यावर मोठा झुबका असलेल्या कोंबडीस वरून येणारी घार दिसत नाही. उघड्या मानेच्या कोंबडीस पिसे कमी असल्याने ती उष्णता चांगली सोसते, परंतु थंड पावसात तिच्या अंगची ऊब लवकर जाते. पूर्ण पांढरा पक्षी हिरव्या उतारावर शत्रूच्या नजरेत पटकन भरतो. पाय मजबूत, डोळे तेजस्वी, छाती भरलेली व हालचाल चपळ असलेला पक्षी निवडावा.

निरनिराळ्या जातींचा विचार

*व्हाइट लेगहॉर्न.* मूळ इटलीची ही हलकी जात अंडी देण्यात अग्रेसर आहे. ती सहसा खुडूक बसत नाही, व्यवस्थित खाद्यावाचून तिचे उत्पादन टिकत नाही आणि रंगामुळे ती शिकारी पक्ष्यांच्या तडाख्यात लवकर सापडते. बंदिस्त पालनास ती योग्य. उतारावरील मोकळ्या परसास नव्हे.

*रोड आयलंड रेड.* अमेरिकेत तयार झालेली ही तांबडी, भक्कम जात अंडी व मांस दोहोंसाठी उपयोगी आहे. चांगल्या खाद्यावर ती वर्षास २०० पेक्षा अधिक अंडी देऊ शकते. परसात हे प्रमाण बरेच उतरते. अंड्याचे कवच तपकिरी असल्याने शहरात ते पसंत पडते. मात्र ही कोंबडी भारी असल्याने तिला चरण्याखेरीज रोज दाणा द्यावा लागतो आणि संकटाच्या वेळी ती झाडावर झेपावून सुटेल असे नाही. ज्यांच्या घरी भाताची कणी, कोंडा व पक्के खुराडे आहे, त्यांनीच ती घ्यावी. काळी ऑस्ट्रेलॉर्प हीही याच वर्गातील जात होय.

*असील.* लढाऊ म्हणून प्रसिद्ध असलेली ही भारतीय जात. नर चार ते पाच किलोपर्यंत भरतो व त्यास किंमतही चांगली येते. असील कोंबडी उत्तम खुडूक बसते व पिलांचे शूरपणे रक्षण करते. परंतु अंडी वर्षास तीस-चाळीसच्या आसपास, वाढ सावकाश आणि नर एकमेकांत लढून जखमी होतात. कळपाचा मुख्य आधार म्हणून ती चालत नाही.

*कडकनाथ.* मध्य प्रदेशातील झाबुआ व धार या जिल्ह्यांतील आदिवासींनी जपलेली ही काळी जात. झाबुआच्या कडकनाथ मांसास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नर दीड ते दोन किलो भरतो. कोंबडी वर्षास ८० ते ९० च्या आसपास अंडी देते. अंड्याचे कवच काळे नसते. ते फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचे असते. “काळे अंडे” म्हणून कोणी जास्त दर सांगू लागल्यास ती फसवणूक समजावी. ही जात उष्णता, हलके खाद्य व उघड्यावरील चारा यांस चांगली सरावलेली आहे. तिचा मूळ प्रदेश मावळापेक्षा कोरडा असल्याने कोरड्या निवाऱ्याची काळजी मात्र घ्यावी लागते. खुडूक बसण्याच्या बाबतीत कडकनाथ कोंबडी भरवशाची नाही, म्हणून तिची अंडी गावरान कोंबडीखाली बसवावीत.

*बसरा.* ही आपल्या महाराष्ट्राच्या सीमेवरील जात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचा परिसर आणि त्यालगतचा गुजरातचा डोंगराळ भाग हे तिचे माहेर. डोंगर, जंगल व जोराचा पाऊस यांतच ती वाढली असल्याने स्वभावाने ती मुळशीच्या उतारास सर्वांत जवळची आहे. पक्षी लहान, चपळ व सावध असतो. वजन एक किलोच्या आसपास भरते. अंडी मात्र वर्षास ४० ते ५५ व लहान, म्हणजे २८ ते ३८ ग्रॅमची असतात. शुद्ध बसरा पक्षी दूरवर मिळणेही सोपे नाही.

या जातीच्या मुलखावरून आणखी एक धडा घ्यावा. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू नवापूर येथेच आढळला आणि रोग पसरू नये म्हणून मोठ्या फार्मांवरील कोंबड्यांबरोबर आसपासच्या परसांतील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. एखादी जात एकाच मुलखात असेल तर एका साथीत तिचे मूळच धोक्यात येते. चांगली जात चार ठिकाणी पसरून असणे हिताचे असते, ते यासाठी.

कासारसाईसारख्या ठिकाणी काय घ्यावे?

ज्या कुटुंबाच्या कोंबड्या दिवसभर उतारावर चरतात व दाणा फक्त सायंकाळी मूठभर मिळतो, त्यांनी आठ कडकनाथ कोंबड्या, दोन नर (एक कामाचा व एक राखीव) आणि उबवणीसाठी दोन गावरान कोंबड्या असा कळप करावा. ज्यांच्याजवळ खाद्य व बंदोबस्त अधिक आहे त्यांनी याच प्रमाणात रोड आयलंड रेड घ्यावी. शुद्ध बसरा पक्षी खात्रीने मिळाल्यास अंडी कमी असूनही ते अवश्य पाळून पाहण्यासारखे आहेत.

पक्षी घेताना जाहिरातीवर किंवा परतखरेदीच्या तोंडी वचनावर विसंबू नये. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चाललेल्या कडकनाथच्या एका योजनेत पैसे गुंतविलेल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत नोंदविल्या. दोष पक्ष्याचा नव्हता. बाजाराचा अंदाज न घेता एकदम मोठी रक्कम घातल्याने शेतकरी अडचणीत आले. म्हणून आठ-दहा पक्ष्यांनी आरंभ करावा, एक पावसाळा पाहावा आणि मगच संख्या वाढवावी. पिले सरकारी केंद्रातून अथवा शक्य तेथे जातीच्या मूळ प्रदेशातील कृषि विज्ञान केंद्रासारख्या संस्थेतून घ्यावीत. पुण्यास खडकी येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. कोणती पिले केव्हा मिळतील याची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून अथवा पौड येथील पंचायत समितीतून करावी.

शुद्धता कशी टिकवावी?

शुद्ध पक्षी विकत घेणे सोपे. ते शुद्ध ठेवणे कठीण. त्यासाठी पुढील नियम पाळावेत.

१. आठ ते दहा कोंबड्यांस एक नर ठेवावा. नर त्याच जातीचा, परंतु दुसऱ्या कळपातील असावा. आपल्याच कळपातील नर वर्षानुवर्षे ठेवल्यास रक्ताचे नाते जवळचे होऊन अंडी कमी फळतात व पिले अशक्त निपजतात.

२. नराचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते. म्हणून परक्या नराचा संबंध आलेल्या कोंबड्या २१ दिवस वेगळ्या ठेवून, मग शुद्ध नराबरोबर सोडाव्यात आणि त्यानंतरच उबवणीसाठी अंडी गोळा करावीत.

३. शुद्ध कोंबड्यांचे अंडी घालण्याचे खोके वेगळे ठेवावे व प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालावी. कडकनाथ व गावरान यांची अंडी रंगाने सारखीच दिसतात, त्यामुळे खूण नसल्यास घोटाळा होतो.

४. संकरित पिलांतही कडकनाथचा काळेपणा बराच उतरतो. म्हणून केवळ काळ्या रंगावरून शुद्धता ठरवू नये. पाय, तुरा, जीभ यांपैकी कोठेही फिकटपणा आलेला पक्षी विकावा अथवा खावा. वंशासाठी ठेवू नये.

५. गावरान नर कळपात ठेवू नये.

शेजारच्या घरचा नर कुंपण जाणत नाही. एकट्या घराने हे सर्व नियम पाळूनही शेजाऱ्याच्या नरामुळे दोन वर्षांत जात विस्कटते. यावर खरा उपाय हाच की संपूर्ण वाडीने मिळून एकच जात निवडावी आणि वाडीतील सर्व नर त्याच जातीचे ठेवावेत. असे केल्यास घराघरांत नरांची अदलाबदल करता येते व जवळच्या रक्ताचा दोषही टळतो. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी एका घरास पिले देऊन थांबण्याऐवजी प्रथम वाडीची बैठक घ्यावी व घरातील स्त्रियांस त्या बैठकीस अवश्य बोलवावे, कारण कोंबड्यांची देखभाल प्रत्यक्षात त्याच करतात.

उबवणीचा हंगाम

दिवाळीनंतर भाताची कापणी आटोपते, खाचरात दाणा सांडलेला असतो व हवा कोरडी होते. याच वेळी अंडी बसवावीत. सात दिवसांपेक्षा जुनी नसलेली, मध्यम आकाराची व स्वच्छ दहा-बारा अंडी एका कोंबडीखाली ठेवावीत. सातव्या दिवशी रात्री अंडे दिव्यासमोर धरून पाहावे. आत रक्तवाहिन्यांचे जाळे न दिसल्यास ते काढून टाकावे. २१ व्या दिवशी पिले निघतात. ही पिले जूनपर्यंत सहा महिन्यांची होऊन पूर्ण पिसांनिशी पावसाळ्यास सामोरी जातात. आषाढ-श्रावणात काढलेली पिले ओल व थंडी यांमुळे मोठ्या संख्येने दगावतात, म्हणून त्या काळात अंडी बसवू नयेत.

निवारा व लसीकरण

काटक जात म्हणजे रोग न होणारी जात नव्हे. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, बांबूच्या फटीदार तळाचे असावे. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून दार पूर्वेस ठेवावे व छपराचे पाखे पुढे काढावे. तळाशी भाताचे तूस पसरून ते ओले होताच बदलावे. रात्री दार बंद केल्याखेरीज मुंगसापासून व रानमांजरापासून बचाव होत नाही. पिलांसाठी दिवसा डालग्याचा उपयोग करावा. अंड्यावरील कोंबड्यांस शिंपल्यांचा चुरा द्यावा.

राणीखेत अथवा मानमोडी हा रोग देशी कोंबड्यांसही सोडत नाही. पिले पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस टोचावी. देवीची लसही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. लस बर्फात ठेवून आणावी व पातळ केल्यावर दोन तासांच्या आत संपवावी. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा अधिक पक्ष्यांची मात्रा असते. एका घराच्या दहा कोंबड्यांसाठी ती फोडली तर उरलेली वाया जाते. वाडीने एकच दिवस ठरविल्यास एका कुपीत सर्वांचे काम होते. अचानक अनेक पक्षी मरू लागल्यास मेलेले पक्षी विकू नयेत, ओढ्यात टाकू नयेत. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

तात्पर्य

जात निवडताना प्रथम ती पावसाळा काढील काय हे पाहावे, नंतर तिचा वंश घरी चालेल काय हे पाहावे आणि शेवटी अंडी मोजावीत. आरंभ लहान करावा. पहिल्या वर्षी किती पक्षी आणले, किती दगावले व कशाने, किती अंडी मिळाली, किती पिले वाचली याची नोंद घरातील शाळकरी मुलाकडून एका वहीत ठेवावी. पुढील वर्षी कोणती जात वाढवावी याचे उत्तर त्या वहीतूनच मिळेल. आणि ज्या वाडीत अशा चार-पाच वह्या जमतील, तेथील कार्यकर्त्यास शेजारच्या वाडीस सल्ला देताना पुराव्यानिशी बोलता येईल.